दाभणबाईंचा कारखाना

दाभणबाईंना हे नाव कसं पडलं, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हातात दिवसभर गाद्या शिवायचं दाभण असतं म्हणून. दुसरा म्हणतो, हातातल्याचं सोडा, एकदा त्यांच्या जिभेला सामोरे जा, मग कळेल. दाभणबाईंना दोन्ही पक्ष मान्य आहेत. "बोथट असते तर कधीच भंगारात गेले असते," असं त्या म्हणतात, आणि म्हणून झालं की समोरच्याला कसल्या तरी कामाला लावतात.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आधी ते कुणाचं तरी गोदाम होतं. एका भिंतीला काथ्याचे गठ्ठे, दुसरीला कापूस, मध्ये जमिनीवर जाड ताडपत्री. गादी जमिनीवर, शिवणाऱ्या बायका जमिनीवर आणि मालकीणही जमिनीवरच. कापूस नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधलेली. त्यातली मालकीण कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यासाठी कान द्यावा लागतो. खुर्ची एकच. ती दाराशी असते आणि तिच्यावर दीर बसतात. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि स्वच्छ शर्टाचा शौक आहे. बिलं करणं, आलेल्या मालाच्या पावतीवर सही करणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ही त्यांची कामं. दाभणबाई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून सगळा कारखाना त्यांना भाऊजी म्हणतो.

या कारखान्यात एक नियम आहे, आणि तो सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलाय. कोपरा धरला की सोडायचा नाही. गादी सगळी शिवून होते, शेवटी कोपरे राहतात. तिथे गुडघ्याने भरण दाबून धरायची, फडकं गळ्यात ओढून दोऱ्याचं टोक दातात पकडायचं आणि एका दमात शिवण बंद करायची. मध्येच सुटलं तर आतला काथ्या मागे सरकतो आणि कोपरा पोकळ राहतो. वर्षभरात तिथे खड्डा पडतो. म्हणून कोपरा धरलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. मारली तरी ती ओ देत नाही, देऊच शकत नाही. सासरे म्हणायचे, दारात वरात आली तरी कोपरा आधी.

दाभणबाईंची माणसं या शहरात थोडी. आजेसासरे पोटापाण्यासाठी आले, कापूस पिंजता पिंजता इथलेच झाले. पण इथलेच झालो हे त्यांना कळलं, शहराला काही कळलं नाही. आडनाव वेगळं, प्रार्थनेचं घर वेगळं. यांच्या हातच्या गादीवर झोप छान लागते, पण दुकानावरची पाटी वाचली की गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणतं आणि जे जातं ते जातंच. त्यामुळे या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यासाठीच गाद्या शिवल्या. सरकारी इस्पितळाच्या गाद्यांचं कंत्राट एका शेठकडे. शेठने आयुष्यात दाभण हातात धरलं नाही. गाद्या यांनी शिवायच्या, वर लेबल शेठचं लावायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा गाडीतून यायचा.

दाभणबाईंनाही त्याचं काही वाटत नव्हतं. जगरहाटी म्हणून सोडून दिलं होतं. मग नवरा आजारी पडला आणि त्याच इस्पितळात भरती झाला. एका सकाळी चादर बदलताना त्यांचा हात गादीच्या कोपऱ्यावर गेला आणि हाताने ओळखलं. आपलीच शिवण! उलटून पाहिलं तर शेठचं लेबल. नवऱ्याने मान वळवून पाहिलं आणि त्या अवस्थेतही हसला. म्हणाला, "बघ, आपल्याच गादीवर निजलोय, आणि उपकार शेठचे."

नवरा तिथून घरी आला नाही. अशा वेळी बाई रडली नाही, दगड झाली, असं सांगायची एक पद्धत आहे. दाभणबाई रडल्या. भरपूर रडल्या, त्याच गादीवर डोकं ठेवून रडल्या. पण त्या रडण्यात राग निम्म्याहून जास्त होता, आणि दुःख हळूहळू कमी झालं तसा राग काही कमी झाला नाही.

तर असं असताना सरकारची योजना आली. सरकार जी खरेदी करतं, तिचा एक हिस्सा अल्पसंख्याकांच्या लहान उद्योगांसाठी राखून ठेवणार. यंत्रासाठी कर्ज मिळणार, तेही सवलतीचं. अट एवढीच की धंदा खरोखर त्या माणसाचा असला पाहिजे आणि कारभारही त्याच्याच हातात पाहिजे. अधिकारी येऊन बघणार, पटलं तर प्रमाणपत्र देणार. प्रमाणपत्र असलं की इस्पितळाच्या गाद्यांसाठी थेट निविदा भरायची, मध्ये शेठ नाही नि कुणी नाही. दाभणबाईंनी हे सगळं वस्तीतल्या सभेत ऐकलं आणि तिथून उठून सरळ अर्ज करायला गेल्या. सभा अजून चालू होती.

दुसऱ्याच आठवड्यात शेठ आले. कधी नव्हे ते चप्पल बाहेर काढून आत आले.

"ताई, कशाला एवढी दगदग? अर्ज तुमच्या नावाने करा, बाकी सगळं आमच्यावर सोडा. निविदा आम्ही भरू, माल आम्ही देऊ. तुम्ही फक्त नाव द्यायचं. घरबसल्या तुमचा वाटा तुम्हाला पोचेल."

"आणि गाद्या कोण शिवणार?"

"यंत्रावर होतील हो. पलीकडच्या पडदेवाल्याने दिलंच की नाव. सुखात आहे."

"पडदेवाल्याला काय, झाकायची सवयच आहे," दाभणबाई म्हणाल्या. "माझं नाव म्हणजे काय भाड्याची सायकल आहे, कुणीही यावं नि टांग मारावी? चप्पल घाला शेठ, पायाला कापूस लागतोय."

शेठ गेले. बायका फडक्याआड खुदखुदल्या. भाऊजी मात्र अस्वस्थ झाले. शेठला तोंडावर असं कुणी बोलतं का? उद्या काम बंद केलं त्याने तर? दाभणबाई म्हणाल्या, करू दे. म्हणजे मला त्याचं लेबल शिवायचा त्रास वाचेल.

तपासणीचे साहेब आले तेव्हा दाभणबाईंनी कोपरा धरला होता.

आता याला नशीब म्हणा नाहीतर काही म्हणा. गुडघा गादीवर, दोरा दातात, दोन्ही हात गुंतलेले. साहेब दारातून आत आले. त्यांना दिसल्या खाली बसलेल्या फडकी बांधलेल्या बायका, आणि दिसले खुर्चीतून लगबगीने उठणारे स्वच्छ शर्टातले भाऊजी. दाभणबाईंनी मान वर करून डोळ्यांनी खूण केली, थांबा. साहेबांना वाटलं कामवाली नमस्कार करतेय. त्यांनीही मान झुकवली. साहेब सभ्यच होते बिचारे.

"मालक आपणच ना?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजींची मान हलली. आणि एकदा हलल्यावर जीभही सैल सुटली. यंदा आपण असं करणार, पुढच्या वर्षी तसं करणार, कामगार आपले सगळे विश्वासातले. दाभणबाई दातात दोरा धरून ऐकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं तोंड बंद होतं, आणि वेळ कुठली निवडली पाहा! कोपरा सोडला असता तर एक गादी बिघडली असती, बस. पण तो हात सुटलाच नाही. टाका पूर्ण करून त्या धावत बाहेर गेल्या, केसांत कापूस, गळ्यात फडकं. साहेब गाडीत बसले होते.

"बाई, तुमच्या मालकांशी झालंय माझं सगळं बोलणं," साहेब म्हणाले आणि गाडी निघाली.

अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर अर्जावर नाव बाईचं आहे आणि प्रत्यक्ष कारभार दिराच्या हातात आहे, म्हणजे नाव उसनं दिलेलं दिसतं. पडदेवाल्याचा अर्ज मात्र पास झाला. त्याने शेठच्या सल्ल्याने एक केबिन बांधली होती आणि तपासणीच्या दिवशी तो कोट घालून तिच्यात बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

घरात त्या दिवशी जो तमाशा झाला तो गल्लीने दारं उघडी ठेवून ऐकला.

"नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" दाभणबाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, त्यांनी विचारलं आणि मान हलली. मी कुठे हलवली?"

"वा! मान काय दुसऱ्याची होती?"

मग भाऊजींनी मनातलं काढलं, आणि तेही अगदी समजूतदार आवाजात. "मी म्हणतो, एवढं भांडण्यापेक्षा माझ्याच नावाने अर्ज करू. साहेबांचा माझ्यावर विश्वास बसलाच आहे. दोन दिवसांत काम होईल. शेवटी घरातलंच आहे सगळं."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की."

हे वाक्य दाभणबाईंच्या जिव्हारी लागलं. शेठ परका होता, त्याने नाव मागितलं. साहेब परका होता, त्याने नाव पुसलं. पण हे तर घरचे! नवरा गेल्यावर कारखाना बंद करायला निघाले होते हेच भाऊजी. तेव्हा बायकांना थांबवलं कुणी, दारोदार फिरून काम आणलं कुणी, गठ्ठे पाठीवर वाहिले कुणी? "मी आहेच की," दाभणबाई म्हणाल्या, "भिंत पण आहेच की, ताडपत्री पण आहेच की." जाऊबाई, नणंद, झाडून सगळे म्हणाले, हट्ट सोड, नावात काय आहे, पोटाला मिळाल्याशी कारण. दाभणबाई म्हणाल्या, नावात काही नसेल तर तो शेठ चप्पल काढून आला होता कशाला?

त्यानंतर त्या भाऊजींशी कामापुरतंच बोलायच्या. तेही कुणाकडे तरी बघून.

त्यांनी फेरतपासणी मागितली. त्यासाठी सरकारी कचेरीत किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. तिथल्या बाकावर बसून त्यांनी एका गादीची खोळ हाताने शिवून पुरी केली. शिपाई म्हणाला, इथे काम करायला बंदी आहे. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे. शेवटी वरच्या मॅडमनी सांगितलं, मी स्वतः येईन. आणि हेही सांगितलं, की या वेळचा निर्णय शेवटचा. पुन्हा अर्ज नाही.

भाऊजींनाही आतून खात होतं. त्यांनी न सांगता कुठून तरी टेबल आणलं, फिरती खुर्ची आणली, कोपऱ्यात पडदा लावून केबिनसारखं काहीतरी केलं. "तेवढा वेळ इथे बसा, वहिनी. काही बोलू नका, फक्त बसा."

"खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकू? ज्यांनी खुर्ची बघून पास केलं, त्यांनी पडदेवाल्याला पास केलं. मला त्याच्या रांगेत नाही बसायचं."

"मग निदान खाली बसू नका हो!"

"मी जिथे बसते तिथेच बसणार. त्यांना दिसत नसेन तर दोष डोळ्यांचा."

मॅडम यायच्या त्या सकाळी काथ्याचा ट्रक आला. याच काथ्यातून इस्पितळाला दाखवायच्या नमुन्याच्या गाद्या करायच्या होत्या. गठ्ठे उतरले, भाऊजींनी सवयीने पावतीवर सही केली. दाभणबाईंनी एका गठ्ठ्यात हात खुपसला. हात बाहेर काढून वास घेतला. काथ्या ओला होता.

"हा माल परत," त्या म्हणाल्या.

"जरा दमट आहे ताई, वाळेल," ड्रायव्हर म्हणाला.

"वाळेल? आत बुरशी धरेल आणि वर आजारी माणूस निजेल. उचला!"

भाऊजी धावत आले. "वहिनी, आज नको. मॅडम कुठल्याही क्षणी येतील. ठेवून घेऊ, मग बघू. हा माल परत केला तर हे पुन्हा ट्रक पाठवणार नाहीत. दुसरा काथ्या आणायचा कुठून? नमुने द्यायचे कधी?"

"शेठ तर हाच माल घेतात, गपचूप," ड्रायव्हरने भर घातली.

"शेठ घेईल! त्याला कुठे त्याच्यावर निजायचंय?" दाभणबाईंचा आवाज आता गल्लीच्या टोकाला पोचला होता. "माझा माणूस निजला होता. तिथेच निजला आणि तिथूनच गेला. मला शिकवता? गादी माझ्या हातची असेल तर आत काय जाईल ते मी ठरवणार. नसेल मिळत दुसरा काथ्या तर नाही मिळत. नमुने नाही गेले तर नाही गेले. चुलीत गेलं प्रमाणपत्र! उचला म्हटलं ना!"

बायका कामं टाकून दारात आल्या होत्या. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर उभा होता, आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे. या गर्दीत एक चष्मेवाल्या बाई खांद्याला पिशवी लावून केव्हापासून उभ्या होत्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या पुढे आल्या. मॅडम होत्या.

भाऊजींचा चेहरा उतरला. केबिन आत, फिरती खुर्ची आत, आणि मालकीण रस्त्यावर, कमरेला पदर खोचून ट्रकवाल्याशी भांडतेय.

"काय चाललंय?" मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरला कुणीतरी सरकारी माणूस भेटल्याने धीर आला. "बघा ना मॅडम. या बाई उगाच तोंड चालवतायत. माल रीतसर उतरलाय. मालकांनी सही केलीय, ही पावती. हे मालक," त्याने भाऊजींकडे बोट केलं. "आम्ही कायम यांच्याशीच व्यवहार करतो. यांची काही तक्रार नाही. विचारा त्यांना."

मॅडमनी पावती पाहिली. सही पाहिली. मग चष्म्यावरून भाऊजींकडे पाहिलं.

"मालक तुम्ही?"

दाभणबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या वेळी दातात दोरा नव्हता. एक वाक्य बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना एकाएकी वाटलं, की हे मी सांगून काय उपयोग? मी तर रोजच सांगते. हे यांच्या तोंडून येत नसेल तर प्रमाणपत्र घेऊन तरी मी कुठे टांगणार, याच घरात ना? त्या भाऊजींकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी सरळ तोंडाकडे बघत होत्या.

भाऊजींनी गल्लीकडे पाहिलं. न्हावी बघत होता, त्याचं गिऱ्हाईक बघत होतं, कारखान्यातल्या बायका बघत होत्या. इतकी वर्षं हीच माणसं त्यांना येता-जाता "काय मालक" म्हणायची, आणि ते ऐकायला त्यांना आवडायचं. भाऊजींनी शर्टाची कॉलर नीट केली. घसा खाकरला.

"नाही," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "नाही. मालकीण या. मी यांच्याकडे कामाला आहे. बिलं लिहितो. सही मी केली ती माल न बघता केली, चूक माझी. गेल्या वेळी साहेबांना मान डोलावली, तीही चूक माझी. या म्हणाल्या माल परत, म्हणजे माल परत."

आणि त्यांनी मॅडमच्या हातातली पावती घेऊन ड्रायव्हरच्या खिशात कोंबली.

मॅडम हसल्या वगैरे नाहीत. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि भाऊजींना ओलांडून दाभणबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला मालकांशी बोलायचंय. आत बसून बोलू या का? तुम्ही जिथे बसता तिथेच बसू."

दाभणबाईंचे डोळे भरून आले होते, आणि गल्लीसमोर ते भरलेले त्यांना अजिबात चालणार नव्हते. त्यांनी पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि वळून भाऊजींवर खेकसल्या, "मग उभे काय राहिलात असे? ते गठ्ठे चढवा, आणि ट्रक मागे घ्यायला वाट करून द्या!"

"चढवतो, चढवतो," भाऊजी म्हणाले. आणि बाह्या दुमडून, स्वच्छ शर्टानिशी, त्यांनी पहिला ओला गठ्ठा पाठीवर घेतला.